हार्ड डिस्कवाला डीव्हीडी रेकॉर्डर घेताना काय बघायचं

हार्ड डिस्क असलेला नवा डीव्हीडी रेकॉर्डर आता जवळपास मिळत नाही. विकायला येतात ते वापरलेले, बहुतेक २००३ ते २०१२च्या दरम्यानचे. तरी त्यांना गिऱ्हाईक आहे, कारण कपाटात पडलेल्या व्हीएचएस कॅसेट, कॅमेऱ्याच्या हाय-८ आणि मिनीडीव्ही टेप कॉम्प्युटरच्या फंदात न पडता डिस्कवर आणायच्या असतील तर याहून सरळ यंत्र नाही. टेप चालू करायची, रेकॉर्ड दाबायचं, नको तो भाग कापायचा, डिस्क काढायची. टेपचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या स्वस्त यूएसबी कॅप्चर स्टिकमध्ये तासाभराच्या टेपच्या शेवटी आवाज चित्राच्या मागे पडलेला असतो, ती कटकट इथे क्वचितच होते.

विकणारा सगळ्यात आधी सांगतो तो हार्ड डिस्कचा आकडा: १६० जीबी, २५० जीबी, ५०० जीबी. तो शेवटी बघा. आधी बघायचं ते असं: मागे आणि पुढे कोणती इनपुट आहेत, हार्ड डिस्कवरचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं डिस्कवर उतरतं का, डिस्क ड्राइव्ह अजून नीट लिहितो का, आणि मूळ रिमोट सोबत आहे का. या चारांपैकी एक जरी लंगडं असेल तर ५०० जीबी काही कामाचे नाहीत.

जीबी आणि तासांचा हिशोब

खोक्यावर लिहिलेले तास सगळ्यात हलक्या मोडचे असतात. (मोड म्हणजे चित्र किती दाबून साठवायचं ती पातळी.) १६० जीबीच्या यंत्रावर अडीचशेच्या वर तास लिहिलेले दिसतात, ते एका डिस्कवर ८ तास कोंबणाऱ्या मोडमधले. त्या मोडमध्ये चेहरे ओळखू येतात, एवढंच.

खरा हिशोब सोपा आहे. साध्या एका थराच्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात (कॉम्प्युटर तेच ४.३८ दाखवतो, घाबरू नका). एक्सपी मोडमध्ये त्यावर १ तास बसतो, एसपीमध्ये २, एलपीमध्ये ४, ईपीमध्ये ६ किंवा ८. म्हणजे एक्सपीला तासाला साधारण ४.७ जीबी, एसपीला साधारण २.३५ जीबी. १६० जीबीवर एसपीचे ६५ ते ७० तास झाले, एक्सपीचे चौतीस-एक. टेप घ्यायची, कापायची, डिस्कवर उतरवायची आणि हार्ड डिस्कवरून पुसायची, या पद्धतीने काम करणाऱ्याला ८० जीबीसुद्धा पुरतात. सेट-टॉप बॉक्सवरचे कार्यक्रम महिनोन्‌महिने साठवायचे असतील तरच मोठा आकडा उपयोगी.

हार्ड डिस्क हवी ती चूक परवडावी म्हणून. नुसता डीव्हीडी रेकॉर्डर थेट डिस्कवर लिहितो. टेप मध्येच अडकली, सुरुवातीला दोन मिनिटं निळा पडदा आला, चॅनेल चुकीचा लागला, की ती एकदाच लिहिता येणारी डिस्क गेली. हार्ड डिस्कवर मात्र तीच टेप तीनदा घेता येते, त्यातली चांगली ठेवता येते, आणि कापणं-जोडणं झाल्यावरच डिस्क खर्ची पडते.

मोड कोणता वापराल, त्यावर यंत्र ठरतं

एसपीमध्ये चित्राला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट मिळतात, एक्सपीमध्ये ९ ते १०, एलपीमध्ये अडीच. व्हीएचएसचं चित्र मुळातच मऊ असतं, तेव्हा कमी बिटरेट (सेकंदाला मिळणारे बिट) चालेल असं वाटतं. होतं उलटं. जुन्या टेपवर सतत हलणारे कण असतात आणि चित्र दाबून साठवणाऱ्या एमपेग-२ एन्कोडरला ते कण म्हणजे हालचालच वाटते. सगळे बिट तिकडे खर्च होतात आणि चेहऱ्यावर, भिंतीवर चौकोन उमटतात. म्हणून खराब टेपला चांगल्या टेपपेक्षा जास्त बिटरेट लागतो. एसपीच्या खाली जायचं नाही, आणि लग्न-मुंजीसारखं परत न मिळणारं चित्रण असेल तर तासाची एक डिस्क, एक्सपीमध्येच.

तीन तासांची टेप असेल तर ती एका डिस्कवर दाबण्यापेक्षा दीड-दीड तासाच्या दोन डिस्क करा. दीड तासाला डिस्कवर सेकंदाला जवळपास ७ मेगाबिट बसतात आणि व्हीएचएससाठी तो फार चांगला आकडा आहे. यासाठी यंत्रात एक्सपी आणि एसपीच्या मधले टप्पे हवेत. पॅनासॉनिकमध्ये एफआर नावाचा मोड असतो: किती वेळाचं रेकॉर्डिंग आहे ते सांगितलं की डिस्क बरोब्बर भरेल असा बिटरेट तो स्वतः निवडतो. पायोनियरमध्ये एमएन नावाच्या हातानं निवडायच्या ३२ पायऱ्या असलेली मॉडेल आहेत. तोशिबाच्या आरडी-एक्सएस मालिकेत बिटरेट अगदी बारीक फरकाने ठरवता येतो. काही स्वस्त यंत्रांत मात्र १, २, ४, ६ तासांचे एवढेच मोड असतात. तसं यंत्र टेपसाठी टाळलेलं बरं.

एलपीबद्दल एक बारकावा. पॅल या भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीत पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, अमेरिकेतल्या एनटीएससीत ७२० बाय ४८०. बरेच रेकॉर्डर एलपीत रुंदी निम्मी, म्हणजे ३५२ करतात. व्हीएचएसचा मूळ तपशील ३५२मध्ये मावतो, त्यामुळे त्यात फार बिघडत नाही. ईपीत काही यंत्रं उंचीही निम्मी करतात, तिथे मात्र चित्र संपलंच. २००५ नंतरच्या बऱ्याच पॅनासॉनिक मॉडेलमध्ये एलपीतही रुंदी पूर्ण राखली आहे. टीव्ही कार्यक्रमांसाठी ते छान दिसतं, पण कण असलेल्या टेपवर चौकोन लवकर येतात. कंपनी ज्याची जाहिरात करते ते सगळ्या कामांना सोयीचं असतंच असं नाही.

मागची भोकं

यंत्र उलटं करून मागची बाजू बघा, फोटोवरून घेत असाल तर मागचा फोटो मागा. पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांचं इनपुट सगळ्यांत असतं. पिवळ्या वायरीतून रंग आणि उजेड एकत्र येतात. रेकॉर्डरला ते परत वेगळे करावे लागतात आणि त्यात रंगांच्या कडेला मुंग्या चालल्यासारखे ठिपके दिसतात. एस-व्हिडिओमध्ये दोन्ही वेगवेगळे येतात. हाय-८ कॅमेरे आणि एस-व्हीएचएस व्हीसीआर यांना एस-व्हिडिओ आउटपुट असतं, तेव्हा रेकॉर्डरवर त्याचं इनपुट हवंच. साध्या व्हीसीआरला ते नसतं, तिथे पिवळ्या वायरीशिवाय इलाज नाही. काही यंत्रांत एस-व्हिडिओ फक्त पुढच्या झाकणामागे असतं, तेही उघडून बघा. आणि एकाच इनपुटच्या पिवळ्या आणि एस-व्हिडिओ दोन्ही जागी वायर लावून ठेवू नका. बहुतेक यंत्रं एस-व्हिडिओला आधी मान देतात, आणि त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला काहीच नसलं तर पडदा काळा राहतो. असल्या काळ्या पडद्यामुळे चांगली यंत्रं 'बिघडलेली' म्हणून विकली जातात.

युरोपसाठीच्या मॉडेलना स्कार्ट नावाचे रुंद सॉकेट असतात. स्कार्टमधून आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे) आलं तर चित्र सगळ्यात स्वच्छ, पण व्हीसीआर स्कार्टमधूनही साधा एकत्रित सिग्नलच देतो. आरजीबीचा फायदा सेट-टॉप बॉक्सला. सेटअपमध्ये त्या सॉकेटचा प्रकार निवडायला विसरलं तर चित्र काळं-पांढरं किंवा भलत्याच रंगाचं येतं.

मिनीडीव्ही किंवा डिजिटल-८ टेप असतील तर पुढचं छोटं चार पिनांचं डीव्ही सॉकेट शोधा. त्यातून सिग्नल डिजिटलच येतो आणि कॅमेरा रेकॉर्डरच्या रिमोटनेच सुरू-बंद होतो. डिजिटल-८चे काही कॅमेरे जुन्या हाय-८ टेपही वाजवतात आणि डीव्हीतून बाहेर देतात, म्हणजे त्या टेपनाही हा रस्ता मिळतो. दोन मर्यादा आहेत. एचडीव्ही (हाय-डेफिनिशन) टेप या सॉकेटला कळत नाहीत. आणि डीव्हीचे सेकंदाला २५ मेगाबिट डिस्कसाठी दाबून ९-१० किंवा त्याहून कमी होतात. महत्त्वाची मिनीडीव्ही टेप डीव्हीडीवर आली म्हणून टाकून देऊ नका.

एचडीएमआय दिसलं तर ते आउटपुट असतं, आत घेण्यासाठी नाही. 'फुल एचडी १०८०पी' अशी पट्टी लावलेला डीव्हीडी रेकॉर्डरही एचडी रेकॉर्ड करत नाही, साधं चित्र मोठं करून टीव्हीला देतो. निवडताना या पट्टीला शून्य गुण द्या.

जशीच्या तशी कॉपी

सगळं यंत्र इथे पारखलं जातं. हार्ड डिस्कवरून डिस्कवर नेण्याचे दोन मार्ग आहेत. एकात डेटा तसाच उचलून लिहिला जातो. याला हाय-स्पीड कॉपी किंवा हाय-स्पीड डबिंग म्हणतात. ८एक्स वेगाने भरलेली पूर्ण डिस्क दहा मिनिटांच्या आसपास होते आणि दर्जात काडीचाही फरक पडत नाही. दुसऱ्यात चित्र पुन्हा एन्कोड होतं: दोन तासांच्या कार्यक्रमाला दोन तास लागतात आणि आधीच दाबलेलं चित्र परत दाबलं जातं. मेनूत हाय-स्पीडचा पर्याय फिका दिसतो तेव्हा यंत्र बिघडलेलं नसतं. रेकॉर्डिंग करतानाची एखादी सेटिंग चुकलेली असते.

ती सेटिंग वेगवेगळ्या नावांनी येते. पॅनासॉनिकमध्ये सेटअपमध्ये 'हाय-स्पीड कॉपीसाठी रेकॉर्डिंग' असा पर्याय असतो, तो रेकॉर्डिंगच्या आधी चालू हवा. नंतर चालू करून आधीच्या रेकॉर्डिंगला उपयोग नाही. कारण असं: डीव्हीडी-आर ही कुठल्याही प्लेअरवर चालावी म्हणून व्हिडिओ मोडमध्ये लिहिली जाते आणि त्या मोडचे नियम कडक आहेत. आवाजाचा एकच मार्ग, एका कार्यक्रमात एकच लांबी-रुंदीचं प्रमाण, ठरलेले रिझोल्यूशन. हार्ड डिस्क स्वतः यापेक्षा मोकळ्या व्हीआर मोडमध्ये लिहिते, त्यात दोन भाषांचे आवाज आणि मध्येच बदललेलं १६:९ किंवा ४:३ चालतं. आधी सांगितलं तरच यंत्र व्हिडिओ मोडच्या चौकटीत राहून रेकॉर्ड करतं. घेण्याआधी त्या मॉडेलचं मॅन्युअल इंटरनेटवर काढून या एका पर्यायाची पानं वाचा. बाकीचं मॅन्युअल नंतर वाचलं तरी चालेल.

कापण्याची नेमकेपणाची पातळीही याच्याशी बांधलेली आहे. एमपेग-२मध्ये पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदाला एकदा असतं, मधली चित्रं त्याच्या आधाराने बनतात. हार्ड डिस्कवर तुम्ही अगदी फ्रेम धरून कापलंत तरी व्हिडिओ मोडच्या डिस्कवर हाय-स्पीड कॉपी केल्यावर जोडावर अर्ध्या सेकंदापर्यंत नको असलेला भाग डोकावू शकतो. तेव्हा कापताना सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे थोडी जागा सोडा.

ट्यूनर

बहुतेक जुन्या यंत्रांत अॅनालॉग ट्यूनर आहे. जिथे अॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं तिथे तो नसल्यात जमा. डिजिटल ट्यूनर असला तरी प्रमाण बघा, अँटेनावरच्या डिजिटल प्रक्षेपणाच्या जुन्या प्रमाणाचा, डीव्हीबी-टीचा, ट्यूनर असेल तर त्याला नवं डीव्हीबी-टी२ कळत नाही. टीव्हीवरचं रेकॉर्ड करायचं तर सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या पिनेतून घ्यावं लागतं, आणि टायमर दोन्हीकडे लावावा लागतो: बॉक्सवर चॅनेल बदलण्याचा, रेकॉर्डरवर लाइन इनपुटचा. पडद्यावरचा कार्यक्रम-दर्शक आणि वर्तमानपत्रात छापले जाणारे आकडी कोड या सोयी जवळजवळ सगळीकडे बंद झाल्या आहेत. त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. घड्याळ प्रक्षेपणावरून आपोआप लागण्यावर सोडलं असेल तर ते हाताने लावायचा पर्याय निवडा, नाहीतर टायमर भलत्याच वेळी चालू होतो.

'कॉपी करता येणार नाही' असा संदेश

विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या कॅसेटवर मॅक्रोव्हिजन नावाचं संरक्षण असतं आणि रेकॉर्डर ते ओळखून थांबतो. तो त्याचा दोष नाही. पण घरच्या टेपवरही हा संदेश कधीकधी येतो. जीर्ण टेपच्या सिग्नलमध्ये चित्राच्या वर, न दिसणाऱ्या ओळींत गोंधळ झाला की यंत्राला तो मॅक्रोव्हिजनसारखा वाटतो. टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मागे फिरवून घ्या, व्हीसीआरचं ट्रॅकिंग लावा, दुसरा व्हीसीआर लावून बघा. एवढं करूनही अडत असेल तर मध्ये टाइम बेस करेक्टर लागतो, तो प्रत्येक ओळ वेळेवर आणून देतो.

काही रेकॉर्डरच्या इनपुटमध्येच असं काम करणारं सर्किट असतं. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांना हार्ड डिस्क नाही, पण वरच्या बाजूला झेंड्यासारखं वाकणारं चित्र ते सरळ करतात, म्हणून लोक त्यांना व्हीसीआर आणि मुख्य रेकॉर्डरच्या मध्ये नुसतं पार होण्यासाठी जोडतात. टेपचा ढीग मोठा असेल आणि टेप वाईट असतील तर दोन यंत्रांची ही जोडी महागड्या एका यंत्रापेक्षा चांगलं काम देते.

डिस्क: कुठली चालते, कुठली अडते

डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर एकदाच लिहायच्या. आरडब्ल्यू हजारेक वेळा पुसून वापरता येतात. डीव्हीडी-रॅम तर लाखभर वेळा पुसता येते असं प्रमाण सांगतं, पण ती मोजक्याच प्लेअरमध्ये चालते. पॅनासॉनिक आणि तोशिबाचं रॅमशी सख्य, पायोनियरचं उणे-चिन्हाच्या डिस्कशी, फिलिप्सचं अधिक-चिन्हाच्या डिस्कशी. नंतरच्या यंत्रांनी बहुतेक सगळे प्रकार घेतले, तरी झाकणावरचे लोगो वाचून मगच डिस्क आणा.

फायनलाइझ करणं म्हणजे लिहून झालेली डिस्क बंद करून इतर प्लेअरना वाचता येईल अशी करणं. न फायनलाइझ केलेली डीव्हीडी-आर दुसऱ्या प्लेअरमध्ये 'नो डिस्क' दाखवते. फायनलाइझला काही मिनिटं लागतात आणि त्यानंतर त्या डिस्कवर पुढे लिहिता येत नाही. यंत्र विकायच्या किंवा मोडीत काढायच्या आधी घरातल्या सगळ्या अर्धवट डिस्क त्याच यंत्रात फायनलाइझ करून घ्या. दुसऱ्या कंपनीचं यंत्र त्या फायनलाइझ करेलच असं नाही.

२००३-०४च्या काही यंत्रांना आजच्या १६एक्स डिस्क नीट ओळखता येत नाहीत, कारण त्यांच्या फर्मवेअरमधल्या (यंत्रातल्या कायमच्या प्रोग्राममधल्या) यादीत त्या नाहीत. जुनी ८एक्सची डिस्क मिळाली तर ती घालून बघा, एकाच कंपनीच्या दोन-तीन डिस्क नाकारल्या म्हणून लगेच लेन्स गेली म्हणू नका. डिस्कवर कागदी लेबल चिकटवायचं नाही. समतोल बिघडतो आणि कालांतराने कडेने उचकटतं. बॉलपेनने तर अजिबात लिहू नका, पाण्याच्या शाईचा मऊ मार्कर घ्या.

कॉम्प्युटरवर फायली हव्या असतील तर आरडब्ल्यू हीच वाहतुकीची गाडी. व्हिडिओ मोडमध्ये हाय-स्पीड कॉपी करा, फायनलाइझ करा, कॉम्प्युटरवर व्हीओबी (डीव्हीडीवरच्या व्हिडिओच्या) फायली उतरवा, रेकॉर्डरमध्ये परत पुसा, पुढचा कार्यक्रम. डिस्क व्हीआर मोडमध्ये लिहिली असेल तर कॉम्प्युटरवर एकच भली मोठी व्हीआरओ फाइल दिसते. तिचं शेवटचं नाव बदलून एमपीजी केलं की व्हीएलसी या प्लेअर प्रोग्राममध्ये चालते, पण सगळे कार्यक्रम एकापाठोपाठ एक जोडलेले येतात आणि प्लेलिस्टमध्ये केलेली काटछाट तिथे दिसत नाही.

पॅल की एनटीएससी

टेप ज्या पद्धतीची, रेकॉर्डर त्याच पद्धतीचा घ्या. दोन्ही घेणारी यंत्रं आहेत, पण ती रूपांतर करत नाहीत, आणि एकाच डिस्कवर दोन्ही मिसळू देत नाहीत. अमेरिकेतून आलेल्या मॅग्नाव्हॉक्स एमडीआर मालिकेची जी स्तुती वाचायला मिळते ती खरी आहे, मात्र ती यंत्रं एनटीएससीची. वीजपुरवठ्याचा व्होल्टेजही मागच्या पट्टीवर वाचा. फक्त ११०-१२० व्होल्टचं यंत्र २३० व्होल्टला लावलं की एका क्षणात सप्लाय जळतो.

पैसे देण्याआधीची चाचणी

यासाठी पाऊण तास काढा. सोबत एक डीव्हीडी-आर, एक आरडब्ल्यू, एक विकतची डीव्हीडी, आणि चालू सिग्नल देणारं काहीही, व्हीसीआर, कॅमेरा किंवा सेट-टॉप बॉक्स, न्या.

१. प्लग लावताना यंत्र पूर्ण थंड असू द्या. विकणाऱ्याने तासभर आधी चालू करून ठेवलं असेल तर बंद करून, वायर काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा. सप्लायचे कपॅसिटर फुगलेले असले तर यंत्र गरम असताना नीट चालतं आणि थंडीतून उठताना 'हॅलो' किंवा 'प्लीज वेट'वरच अडून बसतं.

२. चालू झाल्यावर कान जवळ नेऊन ऐका. पंख्याची घरघर चालेल. हार्ड डिस्कची ठराविक वेळाने टक्-टक् मात्र नको.

३. हार्ड डिस्कची यादी उघडा. जुने कार्यक्रम असतील तर दोन-तीन मध्यापासून लावून बघा, एकाच जागी चित्र गोठतंय का ते दिसेल. यादी रिकामी असेल तर शिल्लक जागा आणि मोड यांचं गणित जुळतं का पाहा. १६० जीबीवर एक्सपीचे दहाच तास शिल्लक दिसत असतील तर काहीतरी गडबड आहे.

४. लाइन इनपुटमधून एक्सपीत दहा मिनिटं रेकॉर्ड करा. मग पहिलं मिनिट कापा, मध्ये एक चॅप्टर खूण टाका. ही कामं यंत्रावरच्या बटणांनी होत नाहीत. म्हणजे रिमोटचीही परीक्षा आपोआप होते.

५. ते रेकॉर्डिंग हाय-स्पीडने डीव्हीडी-आरवर उतरवा आणि फायनलाइझ करा. ही एकच पायरी करायला वेळ असेल तर हीच करा. लिहायला लेझरला वाचण्यापेक्षा जास्त ताकद लागते: सिनेमाची डीव्हीडी बिनतक्रार चालवणारं यंत्र लिहिताना नव्वद टक्क्यांवर मान टाकतं.

६. तयार डिस्क दुसऱ्या प्लेअरमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये लावा आणि शेवटच्या मिनिटाकडे जा. त्यानंतर आरडब्ल्यू पुसून बघा.

विकणारा सहाही पायऱ्या करू देत नसेल तर भाव 'बंद यंत्र' धरूनच ठरवा.

रिमोट नसेल तर 'युनिव्हर्सल चालेल' या भरवशावर राहू नका. त्यात व्हॉल्यूम आणि प्ले असतं, डबिंग, सब-मेनू, टायटल-डिलीट नसतं. त्याच मॉडेलचा मूळ रिमोट वेगळा विकत मिळतो का ते आधी शोधा आणि तो खर्च यंत्राच्या किमतीत धरा.

काय बिघडतं आणि दुरुस्त होतं का

कपॅसिटर बदलणं हे साध्या टीव्ही मेकॅनिकचं काम आहे आणि त्याने कितीतरी 'मेलेली' यंत्रं उठतात. मूळ मूल्याचेच, १०५ अंशांचे घ्या. सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा भार राहतो, झाकण उघडायची सवय नसेल तर हात घालू नका.

डिस्क ड्राइव्हची लेन्स कधी नुसत्या धुळीने आंधळी होते. हवेचा हलका फवारा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा कापूस, दाब न देता. लेझरच थकला असेल तर ड्राइव्ह बदलावा लागतो, आणि पुष्कळ यंत्रांत तो ड्राइव्ह साध्या कॉम्प्युटरचा चालत नाही, कारण फर्मवेअर वेगळं असतं.

हार्ड डिस्क बदलणं मॉडेलवर अवलंबून. मॅग्नाव्हॉक्सची काही यंत्रं नवी डिस्क लावली की स्वतःच फॉरमॅट करायला विचारतात. पायोनियरच्या बऱ्याच मॉडेलना सर्व्हिस रिमोट आणि खास सर्व्हिस डिस्क लागते, त्याशिवाय नवी हार्ड डिस्क ओळखली जात नाही. जुन्या यंत्रांत रुंद पट्टीच्या वायरीची आयडीई डिस्क असते. तिथे साटा (नव्या पद्धतीच्या जोडणीच्या) डिस्कला कन्व्हर्टर लावून पुष्कळदा काम भागतं. क्षमता मूळ आकड्याच्या आसपासच ठेवा, १३७ जीबीच्या पुढचं न कळणारी यंत्रंही आहेत.

हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर विंडोज ती फॉरमॅट करायची का असं विचारतं. 'नाही' म्हणा. या डिस्कांची फाइल रचना कंपनीगणिक वेगळी असते. आयसोबस्टर हा प्रोग्राम बऱ्याच कंपन्यांच्या रेकॉर्डरची रचना वाचतो आणि यंत्र मेलं तरी आतले कार्यक्रम वाचवता येतात. 'हार्ड डिस्क फॉरमॅट करा' असा संदेश रेकॉर्डरने दाखवला आणि आत मोलाचं काही असेल, तर तिथेच थांबून डिस्क बाहेर काढा.

घरी आणल्यावर

यंत्राच्या वर काही ठेवू नका आणि मागे चार बोटं जागा सोडा. उष्णतेने हार्ड डिस्क आणि कपॅसिटर दोघांचंही आयुष्य घटतं. वीज जाणारी जागा असेल तर छोटा यूपीएस लावा. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली की बहुतेक वेळा तेवढा कार्यक्रम जातो, पण वाईट दिवशी यादीच बिघडते आणि सगळी हार्ड डिस्क फॉरमॅट मागते. थेट चित्र मागे नेण्यासाठी सतत रेकॉर्ड करत राहणारी सोय असेल तर ती बंद ठेवा, डिस्क उगाच फिरत राहते.

मग हाय-स्पीड कॉपीची सेटिंग चालू, आवाज डॉल्बी डिजिटल (एलपीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, फक्त एक्सपीत मिळतो आणि सेकंदाला दीड मेगाबिट खातो, टेपसाठी त्याची गरज नाही), घड्याळ हाताने. पहिली टेप बिनमहत्त्वाची लावा, तिची एक डिस्क पूर्ण करून दुसऱ्या प्लेअरवर बघा. लग्नाच्या टेप त्यानंतर. आणि डिस्क हातात आल्यावरही हार्ड डिस्कवरची प्रत लगेच पुसू नका. डिस्क शेवटपर्यंत लावून बघा, तिच्या फायली कॉम्प्युटरवर दुसरीकडे उतरवा, मग डिलीट दाबा.